हिरव्या रंगाचे सहा महिने

जव्हार-मोखाड्यातल्या ख्रिस्ती कुटुंबाच्या भिंतीवर चर्चचे कॅलेंडर असते, पण पुष्कळदा घर चालते ते दुसऱ्याच कॅलेंडरवर. दिवाळी झाली, भात झोडून झाले, नागली घरात आली, की मुकादमाचा टेम्पो पाड्यावर येतो आणि घरातली धडधाकट माणसे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामांवर जातात. शिमग्याला चार दिवस गाव पुन्हा भरते आणि रिकामे होते. मे अखेरीस, आभाळ भरून येण्याच्या सुमाराला, माणसे पावसाळ्यापुरती परततात. हे वर्ष कोणी छापलेले नाही, पण ते चुकत नाही. त्याची सुरुवातही दिवाळीनंतर होत नाही. ती आधीच्या पावसाळ्यात होते, ज्या दिवशी घरातले धान्य संपते आणि मुकादमाकडून उचल घेतली जाते. शिष्यत्वाचा प्रश्न या भागात इथून सुरू झाला पाहिजे. प्रभूच्या मागे चालायचे म्हणजे आपले दिवस कोणाच्या हातात द्यायचे हे ठरवायचे. मग पहिली गोष्ट ही पाहावी लागते, की ते दिवस आज कोणाच्या हातात आहेत.

उपासना वर्ष म्हणजे सणांची यादी, असा आपला समज असतो. आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, पवित्र सप्ताह, पुनरुत्थान, पेन्टेकॉस्ट. आणि मधला जो उरला तो सामान्य काळ. धर्मगुरूंच्या भेटी, नवे कपडे, गायन, नाटुकली, वर्गणी हे सगळे या यादीच्या पहिल्या भागावर खर्च होते. किनाऱ्यावरच्या वसईत हे बऱ्यापैकी जमते, कारण तिथला माणूस नाताळात घरी असतो. जव्हार-मोखाड्यात नाताळ आणि पवित्र सप्ताह हे दोन्ही नेमके त्याच महिन्यांत येतात ज्या महिन्यांत गावात म्हातारी माणसे आणि काही शाळकरी मुलेच मागे राहतात. उलट जून ते नोव्हेंबर, जेव्हा झाडून सारे घरी असतात, तेव्हा उपासनेच्या कॅलेंडरवर मोठे असे काही नसते. माझे म्हणणे एवढेच आहे, की इथल्या मंडळीने आपल्या वर्षाचे वजन हलवावे. सण जिथल्या तिथे राहू द्यावेत; पण शिकवण, संघटन, बचत, उपवास, मोठे निर्णय यांचे केंद्र सामान्य काळात, म्हणजे पावसाळ्याच्या त्या हिरव्या सहा महिन्यांत आणावे. या काळात वेदीवरचे वस्त्रही हिरवेच असते.

यात कॅलेंडरचा अपमान नाही. कॅलेंडर आकाराला आले तेच एका वेगळ्या हवामानात. पॅलेस्टाइनमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो. वल्हांडण सण येतो तेव्हा तिथे जव कापणीला आलेले असते, पन्नासाव्या दिवशी गव्हाची कापणी उरकते, आणि शरद ऋतूत, सारे पीक घरात आल्यावर, मंडपांचा सण होतो. ख्रिस्ती मंडळीने पहिले दोन सण नव्या अर्थाने पुढे चालवले: वल्हांडणाच्या जागी पुनरुत्थान, पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याचे आगमन. तिसरा सण मात्र मंडळीच्या मुख्य सणांत आला नाही. युरोपात उपासना वर्ष वाढले तेही तिथल्या थंडी-वसंताच्या चालीने. त्यामुळे आपल्याकडे पेन्टेकॉस्ट कापणीचा सण राहत नाही, तो पेरणीच्या तोंडावर येतो. आणि ज्या दिवसांत जव्हारच्या खाचरांत हळवे भात पिवळे पडते, त्या दिवसांसाठी मुख्य कॅलेंडरात जागाच नाही. ही जागा भरण्याचा अधिकार स्थानिक मंडळीला आहे की नाही, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर ‘अधिकार आहे’ असेच आहे, आणि ते जुने आहे.

त्याआधी एक रास्त शंका. नाताळ आणि पुनरुत्थान हे श्रद्धेचे गाभे. सामान्य काळावर भर दिला तर गाभाच बाजूला पडेल, असे कोणी म्हणेल. शंका वजनदार आहे, पण ती सामान्य काळाला रिकामा काळ समजते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयी जो दस्तऐवज संमत केला, त्यात रविवार हाच मूळ सण आणि साऱ्या उपासना वर्षाचा पाया म्हटला आहे. प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचाच दिवस. मग सामान्य काळाचे ३३-३४ आठवडे म्हणजे एकेका आठवड्याच्या अंतराने येणारे तितकेच पुनरुत्थानाचे सण. शिष्यत्वाची खरी शाळा इथेच भरते, कारण जन्म आणि मृत्यू यांच्या मधले येशूचे आयुष्य, म्हणजे त्याचे चालणे, शिकवणे, जेवणे, बरे करणे, वाद घालणे, हे सगळे या आठवड्यांत वाचले जाते. सण आपल्याला येशू कोण आहे ते सांगतात. त्याच्यामागे चालायचे कसे, हे सामान्य काळ सांगतो.

वाचनांचा क्रम पाहिला तर तो इथल्या शेताशी किती जुळतो याचे नवल वाटते. कॅथलिक पाठसंग्रह तीन वर्षांच्या फेऱ्याने चालतो आणि २०२६ हे मत्तयाचे वर्ष आहे. त्यात सामान्य काळातला पंधरावा रविवार १२ जुलैला येतो आणि त्या दिवशी पेरणाऱ्याचा दाखला वाचला जातो. पुढच्या रविवारी गव्हातल्या निदणाचा. जुलैच्या मध्यात जव्हार-मोखाड्यात आवणी ऐन भरात असते, आणि आवणी आटोपली की बेणणी. पॅरिस किंवा रोममधल्या श्रोत्याला पेरणाऱ्याचा दाखला समजावून द्यावा लागतो. खडकाळ जमीन, काटेरी झुडपे, पाखरे, चांगली जमीन हे चारही प्रकार इथल्या माणसाच्या एकाच वरकस तुकड्यात असतात. धर्मशिक्षकाने अशा रविवारी मोठे प्रवचन देऊच नये. एखाद्या जाणत्या बाईला विचारावे, की यंदा कुठला राब उतरला आणि कुठला नाही, आणि का. तिचे उत्तर ऐकून मग शुभवर्तमान पुन्हा वाचावे.

आता कामाचे बोलू. पेन्टेकॉस्ट ते जुलै हा वर्षातला सर्वांत कठीण काळ आहे, हे कोणत्याही धार्मिक नियोजनाने आधी मान्य केले पाहिजे. भट्टीवरून आणलेले पैसे बी-बियाणे, घराची शाकारणी आणि लग्नाची देणी यांत जातात. कोठी रिकामी होत असते. शेवळे, टाकळा, कुरडू अशा रानभाज्यांवर दिवस निघतात. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात १९९२-९३ साली बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर योजना आल्या, अंगणवाड्या वाढल्या, पण पावसाळा आणि कुपोषण यांची जोडी अजून पुरती तुटलेली नाही. तेव्हा या महिन्यांत मंडळीने घ्यायचे पहिले व्रत भेटीचे असावे. दर रविवारी उपासनेनंतर दोघा-तिघांनी मिळून पाड्यावरच्या गरोदर, बाळंतीण आणि दोन वर्षांखालच्या मुलांच्या घरी जावे, मग ते घर ख्रिस्ती असो वा नसो. मूल वजनाला नेले का, अमृत आहार योजनेचे गरम जेवण त्या बाईला मिळते का, ओढ्याला पाणी असताना रात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर गाडी कोणाची, फोन कोणाला, हे विचारावे आणि वहीत लिहावे. प्रार्थना करायची तर घरातल्यांनी म्हटले तरच करावी. भेटीच्या बदल्यात काही मागू नये, श्रद्धा तर नाहीच नाही.

याच काळात बियाण्यांची प्रार्थना घ्यावी. इथे लगेच हरकत येते, आणि ती बहुधा मंडळीतल्या प्रामाणिक माणसांकडूनच येते: बी, शेत, पाऊस यांची पूजा सोडूनच आम्ही आलो; आता तेच मागच्या दाराने आत आणायचे का? कणसरी आणि हिरवा या दैवतांना मानणारी वारली घरे शेजारी असताना ही भीती पोकळ नाही. पण इतिहास दुसरे सांगतो. पाचव्या शतकात गॉलमधल्या व्हिएन शहराचे बिशप मामेर्तुस यांनी स्वर्गारोहणाच्या आधीचे तीन दिवस प्रार्थना करत मिरवणुकीने फिरण्याची प्रथा घातली; ती पुढे पश्चिमेच्या साऱ्या मंडळीत पसरली आणि शेतांभोवतीही फिरू लागली. इ.स. ६०१ मध्ये पोप ग्रेगरी यांनी इंग्लंडला निघालेल्या मेलितुस यांना लिहिले, की लोकांची जुनी देवळे पाडू नका, मूर्ती काढा आणि त्याच जागी, त्यांच्या सणांऐवजी मंडळीचे सण देऊन, खऱ्या देवाचे आभार मानायला शिकवा. आणि १९६९ साली पोप पॉल सहावे यांनी उपासना वर्षाची जी नवी नियमावली मंजूर केली, तिच्यात पिकांसाठी आणि मानवी श्रमांसाठी प्रार्थनेचे दिवस कोणते ठेवायचे हे त्या त्या देशाच्या बिशप मंडळाने स्थानिक गरज पाहून ठरवावे, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे शेताची प्रार्थना ही मागच्या दाराने येत नाही. ती समोरच्या दाराने, परवानगी घेऊन येते. फरक एकाच ठिकाणी आहे आणि तो पुसट होऊ देऊ नये: आभार कोणाचे मानायचे. बियाला नमस्कार करायचा नाही, बी देणाऱ्याला करायचा. एवढे स्वच्छ असले की टोपलीतले भात, नागली, वरई, उडीद वेदीपुढे आणायला कोणाचीच हरकत नसावी. फादरांना दाखवून, धर्मप्रांताच्या रीतीने हे करावे. १९९८ साली स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांतात किनाऱ्यावरचे शेतकरी आणि डोंगरातले आदिवासी दोघेही आहेत, त्यामुळे ही विनंती वसईच्या बिशपांना परकी वाटायचे कारण नाही.

आता वर्षाच्या खऱ्या सांध्याकडे येऊ. ऑगस्ट आणि सप्टेंबर. आवणीची मजुरी संपलेली, नवे पीक दूर, घरात आजारपण, आणि गणपतीच्या आगेमागे मुकादम उचल घेऊन दारात. त्या दिवशी घेतलेले काही हजार रुपये पुढच्या मेपर्यंतचे सगळे ठरवतात: नाताळ कुठे होणार, मुलगी शाळेत राहणार की भावंडांना सांभाळायला भट्टीवर जाणार, आजारी माणूस घरी थांबू शकेल की नाही. एखाद्या कुटुंबाच्या शिष्यत्वावर सर्वांत मोठा परिणाम करणारा क्षण कोणता, असे विचारले तर उत्तर बाप्तिस्मा किंवा दृढीकरण असे द्यावेसे वाटेल. हिशेबाने पाहिले तर तो क्षण हा आहे. आणि या क्षणी चर्च सहसा हजर नसते.

या भागाला हे दुखणे नवे नाही. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेऊन नवरा-बायकोने वर्षानुवर्षे राबायचे, या लग्नगडीच्या पद्धतीविरुद्ध १९४५ मध्ये गोदूताई परुळेकरांच्या पुढाकाराने वारली उठले. वेठबिगारी देशभर बेकायदा ठरली ती १९७६ च्या कायद्याने. त्या कायद्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे: कर्ज किंवा उचल दिली म्हणून माणसाला दुसरीकडे काम करू न देणे, त्याला हवे तिकडे जाऊ न देणे, किंवा नाममात्र मजुरीवर राबवणे, हे सारे वेठबिगारीत येते आणि असे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते. तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. सगळी उचल वेठबिगारी असते असे नाही. पुष्कळ मुकादम गावचेच असतात आणि तेही मालकाच्या कर्जात असतात. पण उचल कुठवर उचल आहे आणि कुठून साखळी होते, हे कळण्यासाठी ही व्याख्या मंडळीत मोठ्याने वाचली गेली पाहिजे.

२०२६ च्या वाचनांत २० सप्टेंबरला, गणपती नुकतेच बसून आठवडा होतो तेव्हा, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला आहे. मालक पहाटे, मग सकाळी, दुपारी आणि उतरत्या उन्हात नाक्यावरची माणसे बोलावतो आणि संध्याकाळी सर्वांना पूर्ण दिवसाची मजुरी देतो. त्या दाखल्याचा आध्यात्मिक अर्थ मोठा आहे, तो धर्मगुरू सांगतीलच. पण त्यातला साधा तपशीलही सोडू नये: ठरलेली मजुरी, त्याच संध्याकाळी, हातात, आणि घर चालेल इतकी. या रविवारी उपासनेनंतर बसून जी कुटुंबे जाणार आहेत त्यांनी सर्वांसमोर ठरवावे, की किती उचल घ्यायची, हजार विटांचा दर किती, खर्ची किती मिळणार, हिशेब कोण लिहिणार. एकट्या घराने मुकादमाशी बोलणे आणि दहा घरांनी मिळून बोलणे यात किती अंतर आहे हे कोणाला सांगायला नको. ज्याला राहणे शक्य आहे त्याने रोजगार हमीच्या कामाची लेखी मागणी ग्रामपंचायतीत द्यावी आणि तारखेची पोच घ्यावी. पोच नसेल तर मागणी झालीच नाही असे धरावे.

इथे एक धारदार आक्षेप येतो. हे सगळे समाजकार्य झाले, काही तर संघटनेचे काम झाले. यात ख्रिस्त कुठे? डोंगराच्या या पट्ट्यात या वादाला इतिहास आहे. १९७८ साली उभ्या राहिलेल्या कष्टकरी संघटनेच्या सुरुवातीच्या कार्यकर्त्यांत जेझुइट मंडळातून आलेले तरुण होते, आणि श्रद्धा व संघर्ष यांचे नाते काय, यावर तेव्हापासून दोन्ही बाजूंनी कडवट बोलले गेले. माझे मत असे, की चर्चने संघटना होऊ नये, आणि संघटना आहेत म्हणून चर्चने आपले शास्त्र मिटून ठेवू नये. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय वाचा. शेतमजुरांची अडवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानावर जाते, असा त्याचा आशय आहे. यशयाच्या अठ्ठावनाव्या अध्यायात देवाला आवडणारा उपवास कोणता हे विचारले आहे आणि उत्तरात जोखड सोडणे आणि भाकर वाटणे आले आहे. हे वाचून कोणी उचलीचा विषय टाळत असेल तर तो अध्यात्म जपत नाही, अर्धे पवित्र शास्त्र गाळतो आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर तुलनेने सोपे. मंडपांच्या सणाची जी मोकळी जागा मी वर दाखवली, ती मुंबई-ठाण्याच्या ईस्ट इंडियन समाजाने आपल्या परीने भरली आहे: ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ते आगेरा साजरा करतात, भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणून आशीर्वाद घेतात. जव्हार-मोखाड्यात हळवे भात त्याच सुमारास येते. तारखेची जबरदस्ती नको. नागली येईपर्यंत थांबले तरी चालेल. शेजारची घरे नवे खाण्याचा आपला विधी करत असतील तेव्हा आपल्या घरी नव्या भाताची पहिली पेज देवाचे आभार मानून खावी आणि एक वाटी शेजारी द्यावी. या दिवसांत करायचे सर्वांत मोलाचे काम मात्र धान्यकोठीचे. प्रत्येक कुटुंबाने आपल्या ऐपतीने काही पायली भात किंवा नागली सामाईक कोठीत टाकावी. दिवस ठरवलेलाच आहे: ख्रिस्तराजाचा सण, उपासना वर्षाचा शेवटचा रविवार. २०२६ मध्ये तो २२ नोव्हेंबरला येतो आणि त्या दिवशी मत्तयाचा पंचविसावा अध्याय वाचला जातो, ज्यात राजा न्यायाला बसतो आणि भुकेल्याला जेवू घातले का, एवढेच विचारतो. हे ऐकून त्याच वेदीपुढे कोठी भरावी. ती उघडायची ऑगस्टमध्ये, मुकादम येण्याच्या आधी, आणि घेणाऱ्याने पुढच्या हंगामाला सवाई-दिढी न करता जेवढ्यास तेवढे परत द्यायचे. उंदीर लागणार, कोणी परत देणार नाही, हिशेबावरून कुरबुर होणार. होऊ द्या. दोन बायका आणि एक पुरुष अशी तिघांची समिती, एक वही, दर महिन्याला जाहीर वाचन. इतके केले तर कोठी टिकते.

आगमनकाळ आणि नाताळ याविषयी थोडेच सांगायचे आहे. या दिवसांत माणसे भट्टीवर असतात हे सत्य धरूनच चालावे. निघण्याआधीच्या रविवारी प्रत्येक कुटुंब कुठल्या भट्टीवर जाते, मालकाचे नाव, जवळचे चर्च, फोन, हे लिहून ठेवावे. शाळेतून मुलांचे शिक्षण हमी कार्ड घ्यावे. रेशन बाहेर कुठल्या दुकानात मिळेल ते विचारून ठेवावे. जो योसेफ शिरगणतीसाठी गरोदर बायकोला घेऊन निघाला आणि पुढे बाळाला घेऊन परमुलखात गेला, त्याची गोष्ट भोंग्यात, म्हणजे भट्टीवरच्या झोपडीत, बसून वाचली तर तिला टीका लागत नाही. आणि वसईच्या वाचकांना एक सांगणे: तुमच्या तालुक्यात भट्ट्या आहेत, त्यांवर तुमच्याच धर्मप्रांतातली कुटुंबे असू शकतात. नाताळच्या गोठ्यांवर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग आणि चार स्वयंसेवक त्या भोंग्यांकडे वळले तर सजावटीत काही कमी पडणार नाही. विवेक पंडित यांच्या विधायक संसद या संस्थेने याच भागात भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवून दाखवल्या. म्हणजे तिथवर पोहोचता येत नाही ही सबब चालणार नाही.

उपवासकाळाचे मात्र नीट पाहिले पाहिजे. पहिली गोष्ट उपाशी माणसाच्या उपवासाची. ज्या भागात मुले कमी वजनाची आहेत तिथे उपवास शिकवणे हा क्रूरपणा नाही का? असता, जर मंडळीचा नियम तसा असता. चर्चचा कायदा उपवास मागतो तो १८ वर्षे पूर्ण झालेल्यांकडून, साठीत पाऊल टाकेपर्यंत, आणि तोही राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार या दोनच दिवशी. आजारी, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि अंगमेहनतीवर जगणाऱ्यांना त्यातून मोकळीक आहे. भट्टीवर विटा थापणाऱ्या बाईने जेवण सोडू नये, हे धर्मगुरूंनी वेदीवरून सांगावे. इथला खरा उपवास दारूचा. मार्च-एप्रिल हे मोह गळण्याचे दिवस आणि उपवासकाळ त्यांच्याबरोबरच चालतो. चाळीस दिवस मोहाची दारू गाळायची नाही, प्यायची नाही, लग्नातही पाजायची नाही. फुले वाळवून खायला ठेवावीत किंवा विकून तो पैसा ऑगस्टच्या टंचाईसाठी बाजूला ठेवावा. राखेचा अर्थही इथे थोडा वाढतो. झावळ्यांची राख कपाळावर घेताना आपण माती आहोत हे आठवायचे असते, पण राब भाजणाऱ्या शेतकऱ्याला हेही ठाऊक असते की रोप त्या राखेतच उगवते.

शिमगा जवळजवळ नेहमीच उपवासकाळात येतो, कारण शिमगा आणि पुनरुत्थान या दोन्ही सणांची गणना पौर्णिमेवरून आहे. २०२४ मध्ये तर होळी पेटली तोच दिवस झावळ्यांच्या रविवारचा होता. गाव परत येते, बोहाड्याचे मुखवटे निघतात, नाच होतो. ख्रिस्ती माणसाने घरात दडून बसावे का? मुळीच नाही. देवापुढे कोंबडे कापण्यात भाग घेऊ नये, दारू घेऊ नये. पण भाऊबंदांच्या घरी जावे, म्हाताऱ्यांच्या पाया पडावे, तंटे मिटवावेत. करिंथकरांना लिहिताना पौलाने मूर्तीच्या नैवेद्याबद्दल जो तोल सांगितला तो हाच आहे. वर्षात ज्या चार दिवशी सगळा पाडा एकत्र येतो, त्या चार दिवशी तुम्ही तोंड फिरवलेत तर उरलेले वर्ष शेजारप्रेमाचे प्रवचन कोण ऐकणार?

पुनरुत्थान ते पेन्टेकॉस्ट हे पन्नास दिवस हिशेबाचे. भट्टी मे महिन्यात बंद होते आणि मालकाच्या वहीत शेवटची बेरीज होते. आपली वही आपल्याकडे असेल तर त्या बेरजेला उत्तर देता येते. म्हणून आठवड्याच्या विटा आणि मिळालेली खर्ची लिहिण्याचे काम घरातल्या शिकलेल्या मुलीकडे द्यावे. याच दिवसांत लग्ने लागतात. लग्नाचे जेवण आणि मंडप यांना मंडळीने मर्यादा घालावी आणि श्रीमंत घरांनी ती आधी पाळावी, कारण पुढच्या पावसाळ्यातली उचल पुष्कळदा आदल्या उन्हाळ्यातल्या मांडवात जन्मते. पाण्याचाही प्रश्न इथेच. मोखाडा तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणातून मुंबईला दररोज सुमारे ४५ कोटी लिटर पाणी मिळते आणि त्याच तालुक्यातले पाडे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहतात. पुनरुत्थानाच्या रात्री बाप्तिस्म्याचे पाणी आशीर्वादित करणाऱ्या मंडळीने दुसऱ्या दिवशी विहिरीतला गाळ काढायला फावडे घेऊन जावे, आणि ग्रामसभेत टँकरचा ठराव मांडावा.

शेवटी ज्या मंडळ्या उपासना वर्ष मानत नाहीत त्यांच्याशी दोन शब्द. दिवस, महिने, ऋतू पाळण्याविषयी पौलाने गलतीकरांना इशारा दिला आहे हे ते दाखवतात आणि ते बरोबर आहे; दिवस पाळून तारण मिळत नाही. पण ज्यांनी चर्चचे कॅलेंडर नाकारले त्यांचे दिवस मोकळे राहिलेले दिसत नाहीत. ते मुकादमाच्या वर्षात गेले, नाहीतर कुठल्या वक्त्याच्या सभांच्या तारखांत. हवे तर त्यांनी रंग आणि वाचने घेऊ नयेत. कोठी, वही, भेटी आणि उचलीआधीची बैठक घ्यावी, त्यात कुठल्याही पंथाला अडचण नाही.

हे सगळे एका वर्षात करू नका. जव्हार किंवा मोखाड्यातल्या एखाद्या पाड्यावर दहा कुटुंबे असतील तर ऑगस्टच्या पहिल्या रविवारी त्यांना बसवा, फादरांना किंवा पाळकांना बोलवा, आणि कोणाच्या घरी किती दिवसांचे धान्य उरले आहे एवढेच विचारून लिहून घ्या. ही बैठक मुकादम गावात येण्याआधी झाली पाहिजे.